क्राकाताऊ डबीत कसा भरायचा?

प्रश्न असा आला आहे: "मी पुण्यात मेकअपचा डिप्लोमा करते. शेवटच्या प्रोजेक्टला एखाद्या देशावर आधारलेलं सहा शेड्सचं आयशॅडो पॅलेट आणि दोन लिपस्टिक करायच्यात. इंडोनेशियातले ब्रँड एखाद्या बेटाच्या नाहीतर ज्वालामुखीच्या नावाने अख्खं कलेक्शन काढतात हे बघून मी इंडोनेशिया घेतला. पण मॅडम म्हणतात, डब्यावर बाटिक छापलं म्हणजे इंडोनेशिया होत नाही. मग काय केलं म्हणजे होतं?"

तुमच्या मॅडमचं बरोबर आहे, पण पंचाईत डब्याच्या बरीच आधी सुरू होते. तुम्ही शोधताय इंडोनेशियाचे रंग. ते पाच मिनिटांत सापडतील: हिरवी भातखाचरं, निळा समुद्र, लालभडक लाव्हा, सोनेरी देऊळ. यातला लाव्हा वगळला तर उरलेले तीन केरळला चालतात, थायलंडला चालतात, आपल्या कोकणालाही चालतात. म्हणून मी प्रश्न जरा फिरवून घेते. त्या ठिकाणचं नेमकं काय पॅनमध्ये, म्हणजे पॅलेटमधल्या छोट्या वाटीत, उतरू शकतं, आणि उतरल्यावर ते सावळ्या पापणीवर दिसतं का?

माझी ओळख एवढीच की मी मेकअप करत नाही, मेकअपचे रंग जुळवते. पावडरी घोटणं, शेड बसवणं, प्रेस करणं, पाडून बघणं, परत घोटणं. अठरा वर्षं हेच चाललंय. त्यातली पाच वर्षं जकार्ताच्या पूर्वेला, चिकारांगच्या औद्योगिक वसाहतीत काढली. तिथे आम्ही दुसऱ्यांच्या ब्रँडसाठी माल बनवायचो. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते लॅबच्या टेबलावरून लिहिते आहे. स्टेजवरच्या मेकअपवाल्यांचं मत वेगळं असू शकेल.

आधी थोडा इतिहास, कारण तो तुमच्या कामाचा आहे. तुम्ही पाहिलेल्या कलेक्शन्सची वाट घातली सारीआयू या ब्रँडने. मार्था तिलार या मध्य जावातल्या बाईंनी अमेरिकेत सौंदर्यशास्त्र शिकून १९७० साली जकार्तात वडिलांच्या घराच्या गॅरेजमध्ये सलून काढलं, आणि सत्तरच्याच दशकात सारीआयू सुरू केलं. नाव ओळखीचं वाटेल. 'सारी' म्हणजे आपलं सार, अर्क. 'आयू' म्हणजे जावानीजमध्ये सुंदर. १९८७ पासून या ब्रँडने प्रदेशांवरून रंगांची कलेक्शन्स काढायला घेतली. पहिलं होतं सेंगिगी. सेंगिगी हा लोंबोक बेटावरचा एक किनारा. हे मी मुद्दाम सांगते आहे. सतरा हजारांवर बेटांच्या देशात त्यांनी 'इंडोनेशिया' नावाचं कलेक्शन काढलं नाही, एक किनारा उचलला. नंतर क्राकाताऊ या ज्वालामुखीचं आलं, पापुआचं आलं. दरवेळी एकच जागा.

दुसरी वाट राजवाड्यातून आली. मूर्याती सुदिब्यो या सुराकार्ताच्या राजाची नात. लहानपणी राजवाड्यात शिकलेली जडीबुटी आणि उटणी घेऊन त्यांनी १९७५ साली मुस्तिका रातू कंपनी काढली. तिकडे 'लुलुर' म्हणतात ते आपलं उटणंच. हळद, तांदळाचं पीठ, सुगंधी मुळ्या. ही वाट अंगाला लावायच्या गोष्टींची, पहिली वाट रंगांची. तुमचं काम पहिल्या वाटेवरचं आहे, म्हणून दुसरीकडे फार रेंगाळत नाही.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या सांगून टाकते. तुमच्या इन्स्टिट्यूटमध्ये पावडर पॅनमध्ये दाबून बसवायचा प्रेस आहे का? नसेल तर सुटी पावडर नाहीतर क्रीम करावं लागेल, आणि मग अर्धे रंग बदलतील. परीक्षक शेड्स मॉडेलवर बघणार की कागदावर? पॅलेट रॅम्पच्या दिव्याखाली दिसणार की वर्गातल्या ट्यूबलाइटखाली? हे ठरल्याशिवाय कुणी तुम्हाला 'हा निळा घ्या' असं सांगितलं तर ऐकू नका. माझंही.

आता क्राकाताऊवर जरा थांबते, कारण फोटोवरून रंग घेतले की काय होतं ते तिथे मी स्वतः भोगलंय.

चिकारांगला असताना ज्वालामुखीच्या कल्पनेवर एक सेट करायचं काम आलं. आम्ही सगळ्यांनी जे करतात तेच केलं. रात्रीच्या उद्रेकाचा फोटो घेतला, त्यातून चार रंग उचलले: लाव्ह्याचा नारिंगी, गंधकाचा पिवळा, वाळूचा काळा, समुद्राचा निळा. कागदावर झकास. हाताला लावल्यावर नारिंगी ठीक होता, सावळ्या कातडीवर नारिंगी बसतोच. पिवळ्याने घात केला. गंधकाचा पिवळा हा हिरवट, थंड पिवळा. पिवळ्या आयर्न ऑक्साइडने तो होत नाही, तो मोहरीसारखा मळकट निघतो. म्हणून 'लेक' प्रकारचं चकचकीत पिवळं पिगमेंट घेतलं आणि दिसावं म्हणून त्यात टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे सगळं झाकणारं पांढरं पिगमेंट, ढकललं. झालं, पापणीवर खडू. आमची एक जावानीज सहकारी आरशात बघून म्हणाली, "कावीळ झाल्यासारखं दिसतंय." तेही भाषांतर मी सौम्य करून देते आहे.

निळ्याची गोष्ट याहून वाईट. सेटमध्ये एक क्रीम आयशॅडो होतं, त्यात अल्ट्रामरीन निळा घातला होता. अल्ट्रामरीनला आम्ल चालत नाही. आमच्या क्रीमचा पीएच थोडा आम्लाकडे होता, तो तसा ठेवला होता प्रिझर्व्हेटिव्हसाठी. आठवडाभराने बरणी उघडली तर नासक्या अंड्याचा वास! अल्ट्रामरीनच्या रचनेत गंधक असतं, आम्लाने ते हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडतं. थोडक्यात, आम्हाला ज्वालामुखीचा रंग साधला नाही, वास मात्र अस्सल साधला. फॉर्म्युला माझाच होता, त्यामुळे दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायची सोय नव्हती.

मग मी फोटो बाजूला ठेवला आणि वाचायला बसले. क्राकाताऊ फुटला २६ आणि २७ ऑगस्ट १८८३ ला, जावा आणि सुमात्राच्या मधल्या सुंडा सामुद्रधुनीत. छत्तीस हजारांवर माणसं गेली, बहुतेक त्सुनामीत. बेटाचा मोठा भाग समुद्रात गेला. १९२७ मध्ये त्याच जागी पाण्यातून नवा ज्वालामुखी वर यायला लागला. त्याचं नाव अनाक क्राकाताऊ, म्हणजे क्राकाताऊचं लेकरू. त्याच्या किनाऱ्यावरची वाळू काळी आहे. पण रंग जुळवणाऱ्याच्या कामाची खरी गोष्ट पुढे आहे. उद्रेकाची धूळ आणि वायू इतके उंच गेले की कित्येक महिने जगभर सूर्यास्त विचित्र लाल-जांभळे दिसत राहिले. त्या सप्टेंबरात सिलोनमध्ये आणि मद्रासेकडे लोकांनी हिरवट सूर्य पाहिल्याच्या नोंदी आहेत. लंडनमध्ये विल्यम ॲस्क्रॉफ्ट नावाच्या चित्रकाराने टेम्सकाठी बसून त्या संध्याकाळची शेकडो स्केचेस पेस्टलने केली. पेस्टलची कांडी म्हणजे काय? पिगमेंट, खडूसारखी भर आणि थोडा चिकटा. आपल्या आयशॅडोची ती सख्खी बहीण आहे. म्हणजे क्राकाताऊचं पॅलेट एका माणसाने आधीच करून ठेवलं होतं. आकाश लंडनचं, पण त्यात तरंगत होतं ते सुंडा सामुद्रधुनीतून उडालेलं.

तिथून सेट पुन्हा बांधला. काळी वाळू: काळा आयर्न ऑक्साइड, त्यात थोडा तपकिरी, आणि चिमूटभर जाडसर रुपेरी मायका, म्हणजे अभ्रक. नुसता काळा घेतला तर काजळ होतं, वाळू होत नाही. वाळू दिसते ती तिच्यातल्या कणांच्या चमकेमुळे. संध्याकाळ: मँगनीज व्हायोलेट आणि लाल आयर्न ऑक्साइड, मॅट, धुरकट. राख: कोमट करडा, निळसर नाही. आणि हिरवा सूर्य. हा माझा लाडका. मायकाच्या कणावर टायटॅनियमचा थर ठरावीक जाडीचा चढवला की पावडर पांढरी दिसते, पण उजेड पडला की हिरवी झाक मारते. गंमत म्हणजे ही झाक गोऱ्या कातडीवर जवळपास नाहीशी होते, कारण मागचा उजळ रंग ती गिळून टाकतो. सावळ्या पापणीवर, किंवा खाली तो काळा वाळूचा शेड असेल तर, ती उठून दिसते. आधीच्या सेटमध्ये ज्या कातडीवर पिवळा खडू दिसत होता, त्याच कातडीवर हा शेड सगळ्यात देखणा निघाला.

आता कातडीबद्दलच बोलू. इंडोनेशियात वर्णाला दोन नावं रोजच्या बोलण्यात आहेत. एक 'कुनिंग लांगसात', म्हणजे लांगसात नावाच्या फळासारखा पिवळसर उजळ. दुसरं 'सावो मातांग'. मातांग म्हणजे पिकलेला, आणि सावो म्हणजे... चिकू. आपला घोलवडचा असतो तोच. पिकलेल्या चिकूसारखा वर्ण! हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी घरी फोन करून आईला सांगितलं. आमच्याकडे मुलीला सावळी म्हणताना आवाज खाली येतो. तिथेही जाहिराती गोरेपणाच्याच आहेत, भोळेपणा नको, पण निदान शब्द तरी गोड फळाचा आहे.

कामाची गोष्ट अशी की चिकूची साल आणि गर नीट बघा. तो नुसता तपकिरी नाही. त्यात लालसर आहे, पिवळा आहे, आणि वरून किंचित करडी लव. सावो मातांग कातडीचंही तसंच. या कातडीसाठी शेड करताना सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे ते टायटॅनियम डायऑक्साइड. रंग झाकतो म्हणून सगळे घालतात, आणि मग चेहरा राखट दिसतो. तिकडच्या बायका म्हणतात 'आबू-आबू'; आबू म्हणजे राख. एकच तक्रार, दोन भाषा. उपाय कंटाळवाणा आहे: टायटॅनियम कमी करायचं, लाल आणि पिवळा आयर्न ऑक्साइड वाढवायचा, आणि झाकायची ताकद थोडी गेली तर जाऊ द्यायची. दुसरं म्हणजे हवा. जकार्तात वर्षभर आपल्या मुंबईच्या जुलैसारखी दमट हवा. घाम आणि तेल शोषून पावडर तासाभरात एक शेड गडद होते. म्हणून आम्ही नमुना लावला की लगेच मत द्यायचं नाही असा नियमच होता. जेवून यायचं, मग बघायचं.

आता मुख्य सल्ला. क्राकाताऊ मी समजावायला घेतला, पण तुम्हाला मी सुंबा सुचवेन. पूर्वेकडचं बेट, बालीपासून बरंच लांब. आपल्या मनातल्या हिरव्यागार इंडोनेशियाशी त्याचं काही नातं नाही. तिथे वर्षाचा मोठा भाग पाऊस नाही, माळरानावर वाळलेलं सोनेरी गवत आणि घोडे. तिथल्या बायका इकत विणतात. म्हणजे सुताच्या लडी आधी बांधून रंगवायच्या आणि मग विणायच्या. पुरुषाचं वस्त्र 'हिंगी', बाईचं 'लाउ'. त्यावर घोडे, हरणं, कधी कवट्यांचं झाड.

सुंबा का, तर त्याचे रंग फोटोतून घ्यावे लागत नाहीत, कृतीतून मिळतात. निळा येतो निळीच्या पानांतून. लाल येतो मेंगकुडूच्या मुळांतून. त्या लालाला तिथे 'कोंबू' म्हणतात. हे मेंगकुडू म्हणजे आपली बारतोंडी, आलीच्या कुळातलं झाड. आपल्याकडेही जुन्या खारव्याच्या कापडाचा लाल आलीच्या मुळांचाच असायचा. पण मुळाचा लाल सुतावर नुसता बसत नाही, त्याला तुरटीसारखं काहीतरी लागतं. सुंबात तुरटीऐवजी 'लोबा' नावाच्या झाडाची पानं आणि साल घालतात, कारण ते झाड जमिनीतलं ॲल्युमिनियम अंगात साठवतं. हे लोबा आपल्या लोध्राचं भाऊबंद आहे. होय, तेच लोध्र, ज्याची पूड संस्कृत काव्यातल्या बायका चेहऱ्याला लावायच्या! रंगांच्या नोट्स काढताना हे सापडलं तेव्हा मी खुर्चीतून उठून चहा घेऊन आले. तुमच्या प्रोजेक्टच्या वहीत हा एक परिच्छेद असला तरी मॅडम गप्प बसतील.

आता या कृतीचं पॅलेट कसं होतं ते बघा. निळा एकदा बुडवला की आकाशी, पुन्हा पुन्हा बुडवला की जवळपास काळा. लालही तसाच चढत जातो. निळ्यावर लाल चढवला की काळपट जांभळा-तपकिरी मिळतो. म्हणजे तुमचे शेड्स सुटे सहा रंग नाहीत. दोन रंग आणि त्यांच्या बुडव्या आहेत. पॅनमध्ये उतरवताना फिका निळा, गडद निळा, कोंबू, आणि दोन्ही मिळून झालेला काळपट, हे चार मॅट करा. मॅट अशासाठी की कापूस चमकत नाही. उरले दोन. एक वाळलेल्या गवताचा, तो मात्र हलकी सोनेरी चमक असलेला करा, कारण गवतावर ऊन असतं. आणि सहावा म्हणजे न रंगवलेलं सूत, मळखाऊ पांढरा. तो पांढरा गाळू नका. इकतमध्ये बांधलेली जागा रंगाविना राहते म्हणून नक्षी उठते. पापणीवर भुवईच्या हाडाखाली त्याचं तेच काम.

निळा अल्ट्रामरीनने करणार असाल तर तो पावडरमध्येच ठेवा, क्रीममध्ये नको. वरची अंड्याची गोष्ट आठवा.

बाटिक घ्यायचंच असेल तर त्यालाही हीच वाट आहे. २००९ मध्ये युनेस्कोने बाटिकला मान्यता दिल्यापासून ते प्रत्येक डब्यावर आलं. पण मध्य जावातल्या जुन्या बाटिकचा जीव त्याच्या तपकिरी रंगात आहे. तो 'सोगा'. तो ज्या सालींतून काढत त्यातली एक सोनमोहराची. तुमच्या पुण्यात रस्त्याच्या कडेला उन्हाळ्यात पिवळा सडा पाडणारं झाड ते हेच. नक्षीपेक्षा तो तपकिरी साधलात तर मी जास्त मार्क देईन.

नक्षीबद्दल आता थोडं कडक बोलते. पॅनवर ठसा उमटवायचा मोह सगळ्यांना होतो. बाटिकमधली 'पारांग' ही तिरक्या लाटांची नक्षी फार देखणी आहे, पण तिचे काही प्रकार एके काळी राजघराण्याबाहेर कुणाला नेसायला मनाई होती. पापुआतल्या अस्मात लोकांची लाकडी शिल्पं जगप्रसिद्ध आहेत. त्यांचे रंग तीनच: शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा, मातीचा लाल, कोळशाचा काळा. रंग म्हणून जरूर घ्या, याहून शहाणं तीन रंगांचं पॅलेट मला माहीत नाही. पण त्यांचे उंच कोरीव खांब मेलेल्या पूर्वजांसाठी उभारलेले असतात. ते आकार पावडरवर ठसवायचे आणि मग ब्रशने झिजवायचे? मी करणार नाही.

तसंच जावाच्या नवरीच्या कपाळावरचं 'पाएस'. केसांच्या कडेने कपाळावर काळे गोलाकार आकार काढतात, मधला मोठा, बाजूचे लहान, प्रत्येकाला वेगळं नाव. योग्याकर्ताच्या थाटात त्याला सोनेरी कडही असते. आधी बारीक रेघांनी आखणी, मग कपाळावरची लव काढणं, मग काळा लेप. हे करणारी जुनी बाई त्यासाठी उपवास धरते. मी एकदा एका लग्नात बाजूला बसून हे पाहिलं. तिने मधल्या आकाराचं टोक तीनदा पुसून परत काढलं, आणि नवरीची आई श्वास रोखून उभी होती. त्यानंतर कुणी पाएसला 'ट्रेंडी लायनर लुक' म्हटलं की माझं डोकं फिरतं. तुमच्या मॉडेलच्या कपाळावर ते काढू नका. त्यातला काळा आणि सोनेरी यांचं प्रमाण मात्र शिकण्यासारखं आहे: काळा भरपूर, सोनं केसाइतकं.

लिपस्टिकबद्दल थोडक्यात. इथे रंगाऐवजी पदार्थावरून प्रदेश आणता येतो. पश्चिम कालिमांतानात, म्हणजे बोर्निओच्या इंडोनेशियाकडच्या भागाच्या पश्चिमेला, तेंगकावांग नावाच्या झाडांच्या बियांपासून घट्ट तूप काढतात. दायाक लोक ते बांबूच्या नळीत साठवतात. ते अंगाच्या उष्णतेच्या आसपास वितळतं, म्हणून ओठांवर छान पसरतं आणि कांडीत मात्र कडक राहतं. अडचण ही की ही झाडं दरवर्षी फळत नाहीत, काही वर्षांनी एकदा सगळी मिळून फळतात, त्यामुळे भाव आणि माल दोन्ही बेभरवशाचे. तुम्हाला पुण्यात ते मिळेलच असं नाही. नाही मिळालं तर कोकमाचं तूप घ्या. कोकणात मुठीने वळून मुठेल करतात ते. दोन्ही एकाच स्वभावाची; युरोपात चॉकलेटमध्ये कोको बटरच्या जोडीला ज्या मोजक्या सहा वनस्पती-चरब्या चालतात त्यांत ही दोन्ही आहेत. फक्त लेबलवर खोटं लिहू नका. कोकम घातलं तर कोकम लिहा आणि वहीत कारण द्या. कोकम किंचित जास्त तापमानाला वितळतं, म्हणून मेण थोडं कमी करा, नाहीतर कांडी ओठांवर ओढली जाईल.

कायद्याचं काय, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी विचारेलच. वर्गातल्या प्रोजेक्टला परवाना लागत नाही. विकायला काढलंत की लागतो, भारतात कॉस्मेटिक्स रूल्स २०२० लागू आहेत. पिगमेंट मात्र प्रोजेक्टलाही कॉस्मेटिक दर्जाचंच घ्या. रांगोळीचे, साबणाचे, रेझिनचे रंग डोळ्यांजवळ नकोत. आणि हा इंडोनेशियाचा धागा पुढे खरंच धंद्यापर्यंत नेणार असाल तर तिथे 'बीपीओएम' या सरकारी संस्थेकडे नोंदणी लागते, आणि कॉस्मेटिक्सला हलाल प्रमाणपत्र सक्तीचं करण्यासाठी १७ ऑक्टोबर २०२६ ही मुदत ठरलेली आहे. तिथल्या लॅबमध्ये प्रत्येक चरबी कुठून आली याचा कागद लागतो. मला ती सवय इकडे परत आल्यावरही सुटलेली नाही.

नावांबद्दल एक शेवटची सूचना. फ्लोरेस बेटावर केलिमुतू नावाच्या ज्वालामुखीच्या माथ्यावर तीन तळी आहेत, तिन्हींचं पाणी वेगवेगळ्या रंगाचं. आमच्याकडे एकीने त्यातल्या एका तळ्यावरून निळसर हिरव्या शेडला नाव दिलं. लेबलं छापायला जाणार इतक्यात फ्लोरेसचाच एक मुलगा म्हणाला, मी मागच्या वेळी गेलो तेव्हा ते तळं चॉकलेटी होतं. पाण्यातल्या खनिजांमुळे आणि खालून येणाऱ्या वायूंमुळे त्या तळ्यांचे रंग बदलत राहतात. नाव बदललं, शेड तोच ठेवला. तेव्हा जागेवरून नाव देण्याआधी निदान तीन वेगवेगळ्या ऋतूंतले फोटो बघा, आणि जमलं तर तिथल्या माणसाला विचारा.

सुरुवात चार मॅट शेड्सपासून करा, दोन निळे, कोंबू आणि तो काळपट. प्रत्येकी दहा ग्रॅम पुरे. प्रेस केल्यावर टेबलाच्या उंचीवरून तीनदा पाडा. चिरलं तर चिकटा कमी पडलाय, ब्रशवर उचललंच जात नसेल तर जास्त झालाय. स्वॉच, म्हणजे रंगाचा नमुना, पालथ्या हातावर घेऊ नका, तो हात उन्हाने रापलेला असतो. मनगटाच्या आतल्या बाजूला घ्या, आणि एक स्वतःहून सावळ्या मैत्रिणीच्या हातावर घ्या. फोटो सकाळी दहाच्या सुमारास खिडकीपाशी काढा, ट्यूबलाइट बंद करून. मग जेवून या, आणि दुसरा फोटो काढा. दोन्ही इथे टाका, कोंबूचा लाल बरोबर उतरलाय का ते मी बघून सांगते.